मागे केलेला हात

बायको गेली हे त्याला कळलं ते दवाखान्यात नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, त्यानं मान हलवली, दाखवली तिथं सही केली, तिचा चष्मा आणि चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी घेऊन तो घरी आला. लोक आले, बसले, गेले. त्या सगळ्यात तो होता, पण कळणं म्हणतात ते झालं नव्हतं. ते झालं एका भर दुपारी, कुठल्याशा कंपनीच्या वर्धापनदिनाला, हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये. गाणं अर्ध्यावर आलं असताना त्याच्या गिटारीची तार तटकन तुटली आणि त्यानं नेहमीसारखा, मागे न बघता, डावा हात मागे केला.

हात तसाच राहिला. तळवा उघडा, बोटं जराशी वाकलेली, दुसऱ्या गिटारीची दांडी येऊन त्यात बसेल अशी. उजव्या हातानं तो उरलेल्या तारांवर काहीबाही मारत होता. मागे ड्रमवाला, ज्याला सगळे दणक्या म्हणत, त्यानं ठेका लांबवला. पुढे मेव्हणी गात होती, तिनं गाणं सोडून टाळ्या वाजवायला आणि लोकांना वाजवायला लावायला सुरुवात केली. कडेला कीबोर्डवर मास्तर तोच एक तुकडा घोळवत राहिले. तार तुटली की हेच करायचं असं वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. तेवढ्यात गिटार बदलते. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. गिटार तेवढी बदलली नाही. आणि त्याला पहिल्यांदा दुःख वगैरे काही झालं नाही, राग आला. अगं, कुठं कडमडलीस, असं तो मनातल्या मनात खेकसला, आणि खेकसल्यावर त्याला कळलं. मग त्यानं हात पुढे घेतला आणि उरलेल्या तारांवर गाणं ओढत शेवटापर्यंत नेलं. एक तार गेली की दांडीवरचा ताण कमी होतो आणि बाकीच्या तारा आपसूक चढतात. ऐकणाऱ्याला वाटतं एकच तार गेली, पण वाजवणाऱ्याला ठाऊक असतं की आता सगळ्याच बिघडल्या. कुठं बोट दाबलं तर कमी वाईट वाटेल एवढंच बघत जायचं.

पद्धत तिची होती. लग्न नवं होतं तेव्हा एका कार्यक्रमात अशीच तार तुटली होती आणि हा पठ्ठ्या स्टेजवरच फतकल मारून नवी तार ओवत बसला होता. लोक आधी थांबले, मग कुजबुजले, मग खुर्च्या सरकवून जेवायला गेले. घरी परतताना ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे दुसरी गिटार आहे ना? ती काय कपाट राखायला ठेवलीय?" तो म्हणाला, "आणली तरी द्यायला कोण आहे तिथं?" ती म्हणाली, "मी आहे की. नाहीतरी कोपऱ्यात बसून जांभयाच देते." तेव्हापासून ती पडद्याच्या कडेला, त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे उभी राहायला लागली. दुसरी गिटार स्टँडवर ठेवणं तिला मान्य नव्हतं. हॉल गार असतो, गिटार गार पडते, मग हातात घेतल्यावर तापत जाते आणि तापली की सूर उतरतो, हे तिनं एकदा बघितलं होतं. म्हणून ती जाड स्वेटर घालायची आणि गिटार पोटाशी धरून उभी राहायची, तापात कण्हणारं पोर धरावं तशी. तार तुटली, किंवा दुसरी गिटार लागणारं गाणं आलं, की त्यानं करंगळीनं आवाजाची कळ बंद करायची आणि हात मागे करायचा. "बघू नका मागे," ती बजावायची, "तुम्ही बघितलंत की लोकही बघतात." ती पहिलीचा पट्टा खांद्यावरून उतरवायची, दुसरीचा चढवायची, दांडी त्याच्या तळव्यात द्यायची, वायर एकीतून काढून दुसरीत घालायची आणि सगळं झालं की त्याच्या पाठीवर हात टेकवायची. तो हात पडला की आवाज उघडायचा. त्याआधी उघडला तर वायर घालताना सगळ्या हॉलभर फाटल्यासारखा आवाज होतो. हातात आलेली गिटार नेहमी कोमट असायची. त्याला कधी त्याचं काही वाटलं नाही. चहा गरम असतो तशी गिटार कोमट असते, इतकंच.

तिला स्वतःला गिटारीवर एक गाणं वाजवता येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं. घरात एक वेडा पुरे, म्हणायची. आणि तिच्या हातून चुका होत नसत असंही नाही. एकदा तिनं भलत्याच गाण्यासाठी लावलेली गिटार त्याच्या खांद्यावर चढवली. त्यानं भरवशानं पहिला झटका मारला आणि हॉलमध्ये भांड्यांचं कपाट कोसळावं तसा आवाज झाला. कडेवरून ती, माइक नसताना, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बंद करा! बंद करा!" आणि नंतर जेवताना तिनं तो सगळा दोष दणक्यावर ढकलला, तो फार जोरात वाजवतो म्हणून तिला काही सुचत नाही. दणक्यानंही कबूल केलं. तिच्याशी वाद घालून कुणाला जेवण गोड लागलं नव्हतं.

पण पद्धत तिची म्हणजे सगळंच तिचं, आणि त्याचाच त्याला आता संताप यायचा. सामान कुठं आहे ते तिच्या डोक्यात. नवी तार घालायची तर तारांची पाकिटं कुठं? तो दोन दिवस घर धुंडत होता. कपाटं, माळा, पलंगाखालची बॅग. मेव्हणीला फोन केला तर ती म्हणाली, "भावोजी, ताईच्या शिवणाच्या डब्यात बघितलंत का?" शिवणाच्या डब्यात! दोऱ्यांच्या रिळांखाली, बटणांच्या डबीशेजारी, तारांची पाकिटं नीट जाडीप्रमाणे लावलेली. तारा कुणी शिवणाच्या डब्यात ठेवतं का? आणि ठेवल्या तर सांगून ठेवायला काय झालं होतं? मग पकड सापडेना. मग तारा जिथून वळतात त्या खाचेत ती पेन्सिल घासायची, म्हणजे तार अडकत नाही, ती पेन्सिल सापडेना. शेवटी पेन्सिल न घासताच त्यानं पहिलीवर तारा चढवल्या, खुंटीला वेढे कमी पडले, आणि आज त्यातलीच एक तुटली. वरून आजूबाजूचे. शेजारचे आजोबा जिन्यात गाठून सांगायचे, मन रमवा. मन काय रमवायचं असतं? हिशोबनीस असलेल्या धाकट्या भावानं खुंटीपाशी चिमट्यासारखं लावायचं, सूर दाखवणारं यंत्र आणून दिलं. "आता वहिनी नाही, तर हे कामाला येईल," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून जास्त राग आला. यंत्रावर हिरवा दिवा लागला की सूर लागला. ते खोटं नव्हतं, पण हिरवा दिवा लागेपर्यंत त्याला त्या यंत्राशी भांडावंसं वाटायचं.

मध्यंतरात सगळे हॉलमागच्या अरुंद बोळात आले. तिथं सामानाची लिफ्ट होती आणि खुर्च्यांच्या चळती रचलेल्या होत्या. दणक्या रुमालानं मान पुसत म्हणाला, "काय रे, हात मागे करून काय उभा राहिलास? बस थांबवत होतास?" कुणी हसलं नाही. आपण काय बोललो ते दणक्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरलं. "च्यायला," तो म्हणाला, "माझ्या डोक्यातच नाही आलं रे. सॉरी. गाढव आहे मी."

"असू दे."

"नाही, खरंच गाढव आहे."

"आहेसच. पण असू दे म्हटलं ना."

हे आणखी एक. कुणी चुकून बोलायचं आणि मग यानं त्याची समजूत काढायची. गेले कित्येक दिवस तो लोकांचीच समजूत काढत होता.

"तार घाल आधी," मास्तर घड्याळ न बघताच घड्याळ बघितल्यासारखे म्हणाले. वयानं सगळ्यांत मोठे, बँड त्यांचा. "आणि शेवटून दुसरं गाणं दुसऱ्या गिटारीवर आहे. कंपनीच्या साहेबांची खास फर्माईश आहे. ती आणलीय ना?"

"आणलीय."

आणली होती. पिशवीत, भिंतीला टेकून उभी. दवाखान्यात जायच्या आधीच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर तिनं ती लावून, पुसून, पिशवीची चेन ओढून ठेवली होती. त्या गाण्यासाठी जाडी तार एक सूर उतरवून लावतात, बाकीच्या नेहमीसारख्या. तिनं लावली तेव्हा पोटात दुखतंय म्हणाली होती. "जरा बसतेस का?" असं त्यानं विचारलं होतं आणि "हे झाल्यावर बसते," असं ती म्हणाली होती. खुंटी फिरवायची, तार छेडायची, कान दांडीला लावायचा, पुन्हा फिरवायची. त्यानंतर त्या पिशवीची चेन कुणी उघडली नव्हती. घरात तिच्या हातचं दुसरं काही तसंच राहिलं नव्हतं. मेव्हणीनं कपडे नेले, भावानं औषधं टाकली, धुणं धुवून झालं, उशी उन्हात घालून झाली. ही एक लावलेली गिटार तेवढी राहिली होती. खुंटी फिरवली की तेही जाणार. असल्या गोष्टी मनात आणायचा त्याचा स्वभाव नव्हता, आणि आणल्या म्हणून त्याला स्वतःचीही चीड आली.

आधी त्यानं पहिलीला तार घातली, यंत्र लावलं, हिरवा दिवा बघितला. मग दुसरीची चेन उघडली. गिटार लोखंडासारखी गार होती. त्यानं ती खुर्चीत बसून पोटाशी धरली. काय करतोय आपण, असं वाटलं, पण धरली. ट्रे घेऊन जाणारा एक वेटर थांबून म्हणाला, "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?" "गिटार गरम करतोय," तो तुसडेपणानं म्हणाला. वेटर गेला आणि लांब जाऊन त्यानं वळून पाहिलं. जरा वेळानं यानं अंगठ्यानं वरून खालपर्यंत सगळ्या तारा सावकाश छेडल्या. त्याला वाटलं होतं इतक्या दिवसांत सगळा विचका झाला असेल. झाला नव्हता. तारा उतरल्या होत्या, पण बरोबरीनं उतरल्या होत्या. आपापसात अजून जुळत होत्या. फक्त जगापेक्षा थोड्या खाली. पाव सूर असेल. मास्तरांच्या कीबोर्डशी मात्र मुळीच जमणार नव्हतं. पाव सुराचा फरक म्हणजे दातात वाळू.

मेव्हणी चहाचा कप घेऊन आली. "भावोजी, लागली का?"

"खाली आहे."

"मग लावा की."

"बघतो."

"बघतो काय? अर्धवट सुरात मी गाऊ का तिथं?"

"तुला गायला काय होतंय? तू कुठंही गातेस."

"टोमणे नंतर मारा. खुंटी फिरवा, दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही फिरवत," तो म्हणाला. आवाज चढला होता. "गाणं रद्द करा म्हणावं."

तिनं कप खुर्चीवर ठेवला. त्याच्या मांडीवरच्या गिटारीची जाडी तार एका नखानं छेडली आणि ऐकत राहिली. दोघी बहिणी ऐकताना सारख्याच दिसायच्या, तोंड किंचित उघडं, नजर जमिनीवर. "ताईनं लावलेली आहे," ती म्हणाली. ती वळली आणि बोळाच्या टोकाला उभ्या मास्तरांना म्हणाली, "मास्तर, तुमचा कीबोर्ड पाव सूर उतरतो ना?"

"उतरतो म्हणजे?"

"त्या गाण्यापुरतं तुम्ही खाली या."

"मी खाली येऊ? गिटारवाल्यासाठी? अगं, गिटारवाल्यानं कीबोर्डला लावायचं असतं. नवरदेवानं वऱ्हाडाची वाट बघत बसल्यासारखं झालं हे."

"एक बटणच दाबायचंय."

"बटणच दाबायचंय म्हणे! या यंत्रात सगळं आहे, सापडत काही नाही." पण ते स्टेजवर गेले, चष्मा कपाळावर चढवून कीबोर्डच्या पडद्यात डोकं घातलं आणि पुटपुटत काहीतरी शोधायला लागले. "वाजव बघू," म्हणाले. तो मागोमाग स्टेजवर जाऊन वाजवत राहिला. मास्तर बटण दाबत थोडे थोडे खाली आले, मग जास्त खाली गेले, स्वतःलाच एक शिवी दिली, परत वर आले. शेवटी जुळलं. "पुन्हा सांगू नका मला हे," एवढंच मास्तर म्हणाले, आणि ठरलेल्या गाण्याआधी तीच जागा सापडावी म्हणून तिथं बोट ठेवून सरावासारखं दोनदा दाबून बघितलं.

त्या गाण्याची वेळ आली तेव्हा त्यानं करंगळीनं आवाज बंद केला आणि हात मागे केला नाही. स्वतः वळला, सगळ्या लोकांसमोर वळला, पट्टा काढला. पट्टा त्याच्याच चष्म्यात अडकला. पहिली गिटार स्टँडला टेकवली. दुसरी उचलली. बोळातली ऊब केव्हाच गेली होती. वायर काढली, घातली, पुढे वळला. हे सगळं करायला इतका वेळ लागला की मेव्हणीनं मधे लोकांना कंपनीबद्दल काहीतरी गोड बोलून दाखवलं. दणक्यानं काठ्या आपटून मोजलं आणि त्यानं सुरुवात केली. सुरुवात त्याचीच होती, एकट्याची. बोटं बरोबर पडत होती. हॉलमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. तो वाजवत होता आणि लोक त्याच्याकडे बघत होते आणि मास्तर त्याच्याकडे बघत होते, आणि तो पाठ ताठ करून वाट बघत होता. कसली ते त्याला कळत होतं आणि हात थांबत नव्हता. पाठीवर काही पडल्याशिवाय कळ उघडायची नसते. पाठीला ते माहीत होतं, डोक्याला विचारायची सोय नव्हती. पहिल्या रांगेतले साहेब शेजाऱ्याला म्हणाले, "हे असंच असतं का?" सुरुवात निम्मी झाली आणि पाठीत काहीतरी टोचलं. दणक्यानं वाकून ड्रमची काठी त्याच्या पाठीत खुपसली होती. "अरे, आवाज उघड की, शहाण्या!" तो मागून दात खाऊन म्हणाला. त्यानं कळ उघडली.

गाणं झालं. चांगलंच झालं असावं, कारण टाळ्या नेहमीपेक्षा लांबल्या. त्याला गाण्यातलं फार काही आठवत नाही. काठी टोचलेली जागा दुखत होती तेवढं आठवतं, आणि हेही की मेव्हणी एका ओळीवर थांबली आणि मग पुढे गेली. गिटार पोटाजवळ हळूहळू तापत होती आणि तापत होती म्हणून आणखी उतरत होती. तो बोटांनी तारा किंचित दाबून तिला वर ठेवत होता.

शेवटच्या गाण्याला त्यानं पहिली परत घेतली. या वेळी पाठीवर काही पडायची वाट न बघता कळ उघडली आणि वाजवायला लागला, आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांची तोंडं आंबट झाली. मास्तर खालीच राहिले होते. दोनदा सराव करून वर यायचं साफ विसरले होते. आणि तेच त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते, तुझी चढलीय म्हणून. सगळा बँड त्याच्याकडे बघत होता, मेव्हणीसुद्धा. हिरवा दिवा बघून लावलेली गिटार! ओरडून सांगावं तर ऐकणार कोण. त्यानं चरफडत, वाजवता वाजवता, एकेक खुंटी खाली फिरवली, एक तार, मग दुसरी, प्रत्येक खुंटीला मनात एकेक शिवी. कडव्याच्या शेवटापर्यंत तो मास्तरांपाशी पोचला. म्हणजे दुसरीपाशी पोचला.

"तुम्ही वर आलाच नाहीत," सामान बांधताना तो मास्तरांना म्हणाला.

मास्तरांनी कीबोर्डचा पडदा बघितला. चष्मा कपाळावरून नाकावर आणला, परत बघितला. "आयला," ते म्हणाले. मग बराच वेळ वायरी गुंडाळत राहिले आणि म्हणाले, "तिनं कडेवरून ओरडून सांगितलं असतं."

"बंद करा, म्हणाली असती," दणक्या म्हणाला, आणि या वेळी तो हसला, आणि मेव्हणीही हसली. त्याला हसू आलं नाही, पण राग जरा बसला.

संध्याकाळी घरी येऊन त्यानं दोन्ही गिटारी भिंतीशी उभ्या केल्या. शिवणाचा डबा काढला. दुसरीच्या तारा हाताखाली खरखरीत लागत होत्या, बोटं जिथं पडतात तिथं काळ्या झाल्या होत्या. पातळ तारेला एका जागी गंज धरला होता. पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे आणि ही तार शनिवारपर्यंत टिकणार नाही, हे शिकाऊ मुलालाही कळलं असतं. एक तुटली की बाकीच्या चढतील आणि मग तिच्या हातचं जे राहिलंय तेही राहणार नाही. त्यानं डब्यातून पाकीट काढलं, पकड काढली. बटणांच्या डबीत पेन्सिलही सापडली, लहानशी, दातांनी चावलेली. पेन्सिल कुणी बटणांत ठेवतं का?

पेन्सिल त्यानं पहिलीच्या खाचेत घासली. पहिलीला नव्या तारा घातल्या, खुंटीला पुरेसे वेढे दिले आणि यंत्र न लावता दुसरीच्या सुरात लावली.

दुसरीच्या तारा बदलायच्या राहिल्या आहेत.